गुणवंत विद्यार्थी मंडळाच्या पदाधिकारी सभा वर्षभर नियमित कशा चालवाव्यात

गुणवंत विद्यार्थी मंडळाची कार्यकारिणी जुलै-ऑगस्टमध्ये निवडली जाते, पहिल्या सभेला सगळे पदाधिकारी उत्साहाने येतात, उपक्रमांची मोठी यादी तयार होते आणि दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत सभा घेण्याची सवय मोडलेली असते. त्यानंतर मंडळाचे काम अध्यक्ष आणि सचिव यांच्या फोनवरील बोलण्यातून चालते. बाकीच्यांना काय ठरले ते कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कळते आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या पदाधिकाऱ्यांच्या हाती तर काहीच लागत नाही. नाशिकमधील महाविद्यालयांत असे मंडळ चालवणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या मार्गदर्शक प्राध्यापकांसाठी हा लेख आहे. पदाधिकारी दरवर्षी बदलतात, त्यामुळे मंडळाची स्मृती केवळ सभेच्या नोंदीतच टिकू शकते, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे सुचवलेली प्रत्येक पायरी याच दृष्टीने मांडली आहे.

गुणवत्तेवर सदस्यत्व देणाऱ्या विद्यार्थी मंडळांची परंपरा मुख्यतः अमेरिकेतली आहे. तेथील सर्वांत जुने मंडळ, फाय बीटा कप्पा, १७७६ मध्ये व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात स्थापन झाले, तर शालेय विद्यार्थ्यांसाठीची नॅशनल ऑनर सोसायटी १९२१ मध्ये सुरू झाली आणि तिने विद्वत्तेबरोबर सेवा, नेतृत्व व चारित्र्य हेही निवडीचे निकष ठेवले. आपल्याकडे असे मंडळ बहुधा एखाद्या विभागापुरते किंवा एका महाविद्यालयापुरते असते आणि प्राचार्यांच्या परवानगीने, एका मार्गदर्शक प्राध्यापकांच्या देखरेखीखाली चालते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये ज्या विद्यार्थी परिषदेची तरतूद आहे, तिच्याशी या मंडळाची गल्लत करू नये. परिषदेची रचना कायद्याने ठरते. गुणवंत मंडळाला मात्र आपले नियम स्वतःच लिहून घ्यावे लागतात, आणि सभांचे नियम त्यांत सर्वांत आधी यायला हवेत.

या मंडळाची एक खास अडचण सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. येथे निवडून आलेला प्रत्येक जण अभ्यासात पुढे असतो, म्हणजेच प्रत्येकाच्या मागे प्रकल्प, स्पर्धा परीक्षा किंवा पदव्युत्तर प्रवेशाची तयारी असते. शिवाय हे विद्यार्थी आपले काम स्वतः आणि उत्तम करण्याची सवय असलेले असतात, त्यामुळे काम वाटून देण्यापेक्षा एकट्यानेच पार पाडणे त्यांना सोपे वाटते. नियमित सभा या दोन्ही गोष्टींवर उपाय ठरते, पण ती आटोपशीर आणि निर्णय देणारी असेल तरच हे हुशार आणि कामात बुडालेले विद्यार्थी तिला येतात.

पहिली पायरी: कोण, कधी आणि कोठे

पदाधिकाऱ्यांची संख्या पाच ते सात ठेवावी: अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार आणि गरजेप्रमाणे उपक्रम व प्रसिद्धी यांचे प्रमुख. संख्या विषम असली की मतदानात अडचण येत नाही. प्रत्येक वर्षाच्या वर्गातून निदान एक जण असावा आणि सहसचिव तर शक्यतो द्वितीय वर्षाचाच असावा, कारण पुढच्या वर्षी मंडळ चालवण्याची ओळख त्यालाच या वर्षी व्हायची आहे.

पदाधिकारी सभा दर पंधरवड्याला एकदा, एक तासाची, ठरलेल्या वारी घ्यावी. दर आठवड्याची सभा या विद्यार्थ्यांना जाचक होते आणि महिन्यातून एकदाची सभा एखादी चुकली की दोन महिन्यांचे अंतर पडते. वार एकदाच, सर्वांची वेळापत्रके समोर ठेवून ठरवावा आणि सत्र संपेपर्यंत बदलू नये. ‘सगळ्यांना सोयीची वेळ पाहून कळवतो’ असे म्हणण्याची पद्धत पडली की सभा होणे प्रत्येक वेळी एकेका माणसाच्या सवडीवर अवलंबून राहते.

नाशिकमध्ये वेळ ठरवताना दोन गोष्टींचा विचार करावा लागतो. कला आणि वाणिज्य शाखांचे वर्ग अनेक ठिकाणी सकाळी भरून दुपारपर्यंत संपतात, तर विज्ञान शाखेची प्रात्यक्षिके दुपारनंतर चालतात. म्हणून मिश्र शाखांच्या मंडळाला मधल्या सुट्टीच्या आसपासचा तासच बहुधा उपयोगी पडतो. दुसरे म्हणजे सिन्नर, निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत येथून एसटीच्या पासवर येणारे विद्यार्थी. संध्याकाळी साडेपाचला सुरू होणारी सभा कॉलेज रोडवर राहणाऱ्याला सोयीची वाटते, पण गावाकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याला, आणि विशेषतः विद्यार्थिनीला, ती सभा म्हणजे बस चुकण्याची भीती असते. अशा वेळा ठेवल्या की वर्षभरात मंडळ आपोआप शहरातल्या मुलांचे होऊन जाते. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढून गोदावरीला पूर येतो आणि रामकुंड-पंचवटीकडील वाहतूक वळवली जाते, तशा दिवशी सभा रद्द न करता त्याच वेळी ऑनलाइन घ्यावी, म्हणजे ठरलेला वार मोडत नाही.

जागेबद्दल एवढेच की ती दर वेळी तीच असावी, तिथे टेबलाभोवती बसता यावे आणि तिची परवानगी सत्राच्या सुरुवातीला एकाच अर्जाने घेऊन ठेवावी. कॅन्टीनमध्ये गप्पा जरूर कराव्यात, सभा घेऊ नये.

दुसरी पायरी: विषयपत्रिका

सभा चांगली होणार की वाया जाणार, हे विषयपत्रिका लिहितानाच ठरते. म्हणून सचिवांनी यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. सभेच्या चार दिवस आधी सचिवांनी सर्वांकडून विषय मागवावेत, अध्यक्षांशी बोलून क्रम ठरवावा आणि दोन दिवस आधी विषयपत्रिका सर्वांना पाठवावी. तिच्यासोबत लागणारी माहितीही पाठवावी: दरपत्रके, परीक्षेचे वेळापत्रक, वक्त्यांचे उत्तर, खर्चाचा अंदाज. जी गोष्ट वाचून कळते ती सभेत सांगण्यात वेळ घालवू नये. सभेचा तास निर्णयासाठी राखून ठेवलेला असतो.

विषय कसा लिहावा, हे शिकण्यासारखे आहे. ‘मार्गदर्शन वर्ग’ असा दोन शब्दांचा विषय लिहिला की चर्चा कोठूनही सुरू होते आणि कोठेही संपते. त्याऐवजी पूर्ण वाक्य लिहावे, ज्यातून काय ठरवायचे आहे ते वाचणाऱ्याला आधीच कळेल. नोव्हेंबरच्या अखेरच्या एखाद्या सभेची विषयपत्रिका अशी असू शकते:

विषय १. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. (५ मिनिटे)
विषय २. मागील सभेत सोपवलेल्या कामांचा आढावा घेणे. (१० मिनिटे)
विषय ३. खजिनदारांनी सादर केलेल्या मासिक हिशेबास मान्यता देणे. (५ मिनिटे)
विषय ४. दहावीच्या विद्यार्थ्यांसाठीचा गणित मार्गदर्शन वर्ग कोणत्या शाळेत घ्यावा आणि डिसेंबरमधील कोणत्या शनिवारी सुरू करावा, याबाबत निर्णय घेणे. विषय मांडणार: सहसचिव. (२० मिनिटे)
विषय ५. २७ फेब्रुवारीच्या कार्यक्रमासाठी वक्त्यांची तीन नावे निश्चित करणे. विषय मांडणार: उपाध्यक्ष. (१० मिनिटे)
विषय ६. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. (५ मिनिटे)

यात दोनच मोठे विषय आहेत, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. एका तासात तीनपेक्षा अधिक गंभीर निर्णय नीट होत नाहीत. चौथा गंभीर विषय आला तर तो पुढच्या सभेला न्यावा. मिनिटे जोडली तर ती पंचावन्न होतात आणि उरलेली पाच मिनिटे सभेच्या शेवटी ठरावांच्या वाचनासाठी लागतात, ज्याविषयी पुढे लिहिले आहे. ऐनवेळचे विषय ही आपल्या संस्थांमधील जुनी आणि उपयुक्त सोय आहे, परंतु पैशांचा किंवा कोणाच्या नियुक्तीचा विषय तिथे कधीही घेऊ नये, कारण अनुपस्थित पदाधिकाऱ्याला त्यावर मत देण्याची संधी मिळालेली नसते.

विषयपत्रिका बनवताना वर्षाचे कॅलेंडर समोर असावे आणि कार्यक्रमाच्या तारखेपासून मागे मोजत यावे. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो आणि त्यांच्या या शहरात त्या आठवड्यात चांगल्या वक्त्यांना अनेक निमंत्रणे असतात. म्हणून वक्त्यांची नावे नोव्हेंबरअखेर, निमंत्रणपत्र डिसेंबरमध्ये, सभागृहाची परवानगी जानेवारीच्या पहिल्या सभेपर्यंत आणि प्रसिद्धी फेब्रुवारीच्या सुरुवातीला, असा क्रम धरावा लागतो. जानेवारी ते मार्च हा द्राक्षकाढणीचाही काळ असतो. निफाड आणि दिंडोरी भागातल्या अनेक विद्यार्थ्यांना त्या दिवसांत घरी हातभार लावावा लागतो, तेव्हा त्यांच्याकडे डिसेंबरपूर्वीची किंवा फोनवरून होणारी कामे सोपवावीत. अशी वाटणी सभेत उघडपणे केली की कोणाला ओशाळे वाटत नाही.

तिसरी पायरी: प्रत्यक्ष सभा

सभा ठरलेल्या मिनिटाला सुरू करावी. गणपूर्ती, म्हणजे सभेसाठी आवश्यक किमान उपस्थिती, निम्म्याहून अधिक ठेवावी: सात पदाधिकाऱ्यांत चार. वेळेवर गणपूर्ती झाली नाही तर मोठ्या संस्थांत सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेतात आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट ठेवत नाहीत. विद्यार्थी मंडळाने ही सवलत घेऊ नये, असे मला वाटते. तीन जणांनी मिळून सातांचे निर्णय घेण्याची सवय लागली की उरलेले चार पुन्हा येत नाहीत. गणपूर्ती नसेल तर उपस्थितांनी कामांचा आढावा घ्यावा, निर्णय पुढच्या सभेवर ठेवावेत आणि तसे इतिवृत्तात लिहावे.

अध्यक्षांचे काम बोलण्यापेक्षा बोलू देण्याचे अधिक असते. विषय ज्याने मांडायचा त्याने तीन-चार मिनिटांत मांडावा, मग प्रत्येकाला एकदा बोलण्याची संधी द्यावी आणि सर्वांत कनिष्ठ पदाधिकाऱ्यापासून सुरुवात करावी. अध्यक्षांनी आपले मत आधीच सांगितले तर द्वितीय वर्षाचा विद्यार्थी तृतीय वर्षाच्या ताई-दादांसमोर वेगळे बोलत नाही, हा अनुभव कोणत्याही वर्गात येतो. मार्गदर्शक सर किंवा मॅडम उपस्थित असतील तर त्यांनीही याच कारणासाठी शेवटी बोलावे.

चर्चा फिरून त्याच मुद्द्यावर आली की अध्यक्षांनी थांबवून म्हणावे, ‘आपल्यासमोर दोन पर्याय आहेत, त्यांपैकी कोणता?’ बहुतेक वेळा एकमत होते. झाले नाही तर हात वर करून मतदान घ्यावे आणि समान मते पडली तरच अध्यक्षांनी निर्णायक मत द्यावे. मतदानात हरलेल्याला आपला विरोध नोंदवून घेण्याचा हक्क असतो आणि तो त्याने वापरला तर कोणी वाईट वाटून घेऊ नये. एखाद्या विषयावर माहितीच अपुरी असेल तर दोघांची छोटी समिती नेमून पुढील सभेत अहवाल मागवावा. समितीला मुदत आणि नेमका प्रश्न दोन्ही द्यावेत.

सभेतील शेवटची पाच मिनिटे कधीही सोडू नयेत. सचिवांनी त्या दिवशीचे सगळे ठराव मोठ्याने वाचावेत आणि प्रत्येक कामापुढे लिहिलेले नाव उच्चारताच त्या व्यक्तीने होकार द्यावा. ‘आपण करू’ असे ठरलेले काम कोणाचेच नसते. प्रत्येक कामाला एकच नाव असावे. मदतीला कितीही जण असोत, उत्तर देणारा एक असावा.

चौथी पायरी: इतिवृत्त

अनेक मंडळांत सचिव सभेत झालेले सगळे संभाषण उतरवून घेण्याचा प्रयत्न करतात, दमतात आणि तिसऱ्या सभेनंतर लिहिणे सोडून देतात. इतिवृत्तात कोण काय म्हणाले ते लिहायचे नसते. तारीख, वेळ, स्थळ, उपस्थित, पूर्वसूचना देऊन अनुपस्थित, आणि प्रत्येक विषयाखाली ठराव, एवढेच पुरे. मात्र ठरावाबरोबर त्यामागचे कारण एका वाक्यात लिहावे, ही माझी आग्रहाची सूचना आहे. नियमाच्या पुस्तकात याची गरज सांगितलेली नसली तरी दरवर्षी बदलणाऱ्या मंडळाला तिचाच सर्वाधिक उपयोग होतो. एक नमुना देतो:

‘ठराव क्रमांक ४. दहावीच्या विद्यार्थ्यांसाठीचा गणित मार्गदर्शन वर्ग महाविद्यालयाजवळील शाळेत डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारपासून दर शनिवारी दीड तास घेण्याचे सर्वानुमते ठरले. पहिल्या शनिवारी आपली प्रात्यक्षिक परीक्षा असल्याने दुसरा शनिवार निवडला. सूचक: सहसचिव. अनुमोदक: खजिनदार. जबाबदारी: सहसचिव. मुदत: शाळेचे परवानगीपत्र पुढील सभेपूर्वी.’

पुढच्या वर्षीचा सचिव हा ठराव वाचेल तेव्हा त्याला वर्ग कधी सुरू झाला एवढेच कळणार नाही, तर डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी अडचण येते हेही कळेल. अशा वीस-पंचवीस वाक्यांत मंडळाचा एका वर्षाचा अनुभव सामावतो.

इतिवृत्त दोन दिवसांच्या आत लिहून सर्वांना पाठवावे, कारण त्यानंतर आठवणींत फरक पडू लागतो. पुढील सभेत ते वाचून कायम करावे, दुरुस्ती असेल तर ती त्या सभेच्या इतिवृत्तात लिहावी आणि अध्यक्ष व सचिव यांनी सही करावी. नोंद बांधीव वहीत ठेवावी. सुटी पाने आणि फोनमधील मजकूर वर्ष संपताच हरवतो. शिवाय एक संगणकीय प्रत विभागाच्या किंवा मंडळाच्या ईमेल खात्यात साठवावी, कोणाच्या वैयक्तिक खात्यात नव्हे. सहसचिवाने सत्रातून निदान दोनदा स्वतः इतिवृत्त लिहावे आणि सचिवांनी ते तपासून द्यावे.

दोन सभांच्या मधले दिवस

व्हॉट्सअॅपच्या गटावर निर्णय घेऊ नयेत. हा नियम पाळणे कठीण आहे आणि तरीही पाळलाच पाहिजे. गटावर रात्री अकराला आलेल्या प्रश्नाला तिघे अंगठा दाखवतात, चौथा झोपलेला असतो आणि सकाळी ‘ठरले’ असे कळते. गट केवळ सूचना, आठवण आणि कागदपत्रे पाठवण्यासाठी वापरावा. खरोखर तातडीचे काही आले, उदाहरणार्थ वक्त्यांनी ऐनवेळी नकार कळवला, तर अध्यक्षांनी सर्व पदाधिकाऱ्यांना फोन करून मत घ्यावे, निर्णय करावा आणि तो पुढील सभेत मान्यतेसाठी ठेवावा.

सभेनंतर साधारण एका आठवड्याने सचिवांनी प्रत्येक जबाबदार व्यक्तीला एकट्याने विचारावे: काम कोठवर आले, काही अडले आहे का? सर्वांसमोर विचारणा झाली की माणूस ‘चालू आहे’ असे उत्तर देतो. एकट्याला विचारले तर शाळेच्या मुख्याध्यापकांची भेटच झालेली नाही, हे तो सांगतो आणि तेव्हा मदत करायला वेळ शिल्लक असतो. एखादे काम सलग दोन सभांच्या आढाव्यात अपूर्ण दिसले तर तिसऱ्यांदा ते तसेच पुढे ढकलू नये. ते दुसऱ्याकडे द्यावे, लहान करावे किंवा सोडून दिल्याचा ठराव करावा. काम सोडून देण्यात काही गैर नाही, फक्त ते ठरवून सोडलेले असावे.

परीक्षेच्या काळात सभा अर्ध्या तासाची करावी आणि फक्त आढावा घ्यावा. ती पूर्णपणे बंद ठेवण्याचा मोह टाळावा.

पैसा आणि मार्गदर्शक प्राध्यापक

वर्गणी, प्रायोजकत्व किंवा कार्यक्रमाचे शुल्क कोणत्याही विद्यार्थ्याच्या वैयक्तिक यूपीआयवर जमा करू नये. महाविद्यालयाच्या कार्यालयामार्फत, पावती देऊनच रक्कम घ्यावी. खर्चाची मर्यादा पहिल्याच सभेत ठरावाने निश्चित करावी, म्हणजे ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च खजिनदार व अध्यक्ष मिळून करू शकतील आणि त्यावरील खर्चाला सभेची पूर्वमंजुरी लागेल. महिन्यातून एका सभेत खजिनदारांनी आरंभीची शिल्लक, जमा, खर्च आणि अखेरची शिल्लक हे चार आकडे पावत्यांसह मांडावेत. आकडे लहान असोत वा मोठे, ते नियमाने मांडले जातात यामुळेच शंकेला जागा राहत नाही.

मार्गदर्शक प्राध्यापकांनी प्रत्येक सभेला पूर्ण वेळ बसण्याची आवश्यकता नाही. विषयपत्रिका आणि इतिवृत्त त्यांच्याकडे गेलेच पाहिजे, आणि पैसा, बाहेरच्या संस्थांशी पत्रव्यवहार, विद्यार्थ्यांना महाविद्यालयाबाहेर नेणे या तीन बाबतींत त्यांची संमती आधी घ्यावी. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात स्वयंसेवेचा विचार अनेक विद्यार्थी करतील. अशा उपक्रमाचा ठराव पदाधिकारी सभेत करता येतो, पण प्रशासनाशी बोलणी महाविद्यालयाच्या नावानेच व्हायला हवीत. एरवी सर किंवा मॅडम यांनी निर्णय विद्यार्थ्यांवर सोडावा, तो आपल्या पसंतीचा नसला तरी. विद्यार्थ्यांनी घेतलेला मध्यम दर्जाचा निर्णय त्यांना जे शिकवतो ते सरांनी घेतलेला उत्तम निर्णय शिकवत नाही.

सूत्रे सोपवणे

नवे पदाधिकारी जूननंतर निवडण्याची पद्धत बदलावी, कारण तोपर्यंत जुने पदाधिकारी पदवी घेऊन पुण्या-मुंबईला गेलेले असतात. निवड मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात, अंतिम परीक्षांच्या आधी करावी आणि त्यानंतरच्या दोन सभा जुन्या व नव्या पदाधिकाऱ्यांनी एकत्र घ्याव्यात. पहिली सभा जुन्या अध्यक्षांनी चालवावी, दुसरी नव्यांनी, जुन्यांच्या उपस्थितीत. दुसऱ्या सभेत इतिवृत्ताची वही, हिशेबाची वही व पावत्या, ईमेल खात्याचा पासवर्ड, शाळांची व वक्त्यांची संपर्क यादी आणि अपूर्ण कामांची यादी ठरावाने नव्या सचिवांच्या ताब्यात द्यावी. पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. जुलैत महाविद्यालय सुरू झाल्यावर नव्या कार्यकारिणीच्या पहिल्या सभेचा पहिला विषय ‘गतवर्षीच्या अपूर्ण कामांपैकी कोणती पुढे न्यावीत, हे ठरवणे’ असा ठेवावा आणि त्या सभेपूर्वी प्रत्येकाने मागील वर्षाची वही वाचून यावी.